गुलाबी कागदाची मागची बाजू

मावशी, तुझ्यासोबत रायपूरला आलेला कागद माझ्याकडे आहे. तुझ्या आरोग्य केंद्रातल्या हेमिन सिस्टरने तो तुझ्या खांद्यावर सेफ्टी पिनने टाचला होता, तू तिला शिकवलं होतंस तसाच, म्हणजे गाडी कितीही उसळली तरी पडू नये. छातीत कधी दुखायला लागलं, ईसीजी स्क्रीनवरून रायपूरला कधी पाठवला, कोणती गोळी चघळायला दिली, पलीकडून कोण डॉक्टर बोलले, सगळं वेळेसकट लिहिलेलं. दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या डॉक्टरने तो वाचला, "हाँ, इन्हीं का फोन आया था," एवढंच म्हणाला आणि तुला सरळ आत नेलं. कुणी आम्हाला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं नाही. थोड्या वेळाने आतल्या नर्सने तुझं घड्याळ आणि तो कागद माझ्या हातात ठेवला. मी तो उलटा केला.

मागे माझं पत्रक होतं. गुलाबी कागद, काळी शाई, वर ठळक अक्षरांत ‘स्क्रीन हटाओ, डॉक्टर लाओ’. आणि खाली, चौथ्या परिच्छेदात, ती ओळ. जिच्यामुळे तू दोन महिने माझ्याशी नीट बोलली नव्हतीस ती. ‘वहाँ की नर्स ने अपना काम पूरी ईमानदारी से किया.’

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. सोमवारी आमचं निवेदन जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात जायचं आहे. तुझ्या केंद्रातली स्क्रीन काढा आणि डॉक्टर नेमा, अशी मागणी होती, आणि त्याला हेच पत्रक जोडायचं ठरलं होतं. ते तसंच जोडायचं का, एवढाच प्रश्न माझ्यासमोर होता. तू असतीस तर म्हणाली असतीस, "प्रश्न काय्चा? उत्तर तुले माहीत आहे. तुले फक्त हाराचं नाही."

हे मी मराठीत लिहितेय, हे बघून तुला हसू आलं असतं. तू मराठीत विचारायचीस आणि मी हिंदीत उत्तर द्यायचे. "जेवली का?" "हाँ मावशी, खा लिया." मग तू म्हणायचीस, "पोट्टी, जीभ भाड्यानं आणली का तू?" जुन्या दिवाळी अंकांची थप्पी माझ्यापुढे ठेवून तू मला वाचायला शिकवलंस, चुकलं की बोटाने टिचकी मारलीस. ते मराठी मी वाचायला वापरलं, तुझ्याशी बोलायला कधी नाही. आता बोलतेय. उशीर झाला. उशीर म्हणजे काय असतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

आपलं घर पत्रकांचं. बाबा रायपूरच्या उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये, आणि मिलच्या वेळेबाहेर युनियनमध्ये. गुढ़ियारीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी चालायला लागले ती कागदाच्या गठ्ठ्यांमधून. इतर मुलं पतंग करायची त्या वयात मला पत्रकाच्या तीन घड्या सरळ घालता येत होत्या. रविवारी तू केंद्रावरून यायचीस, आईच्या हातचा वडाभात खायचीस आणि पाय पसरून आमच्यासोबत घड्या घालायला बसायचीस. बाबांशी भांडत भांडत. "भाऊजी, ‘क्रांती’ एका पानात तीनदा लिहिली तुमी. एकदा लिहा, अन् उरलेल्या जागेत पाण्याच्या नळाचं लिहा." वाटून उरलेली पत्रकं तू पिशवीत भरून न्यायचीस. मला वाटायचं, गावात वाटत असशील. मोठी झाले आणि तुझ्या केंद्रावर आले तेव्हा कळलं की तुला आमच्या विचारांत नाही, आमच्या कोऱ्या पाठीत रस होता.

सरकारी चिठ्ठीवर एका शब्दाची जागा असते. रेफर. तो शब्द लिहिला की पेशंट आपला राहत नाही. तुझ्याकडून ब्लॉकच्या दवाखान्यात, तिथून पुन्हा तोच शब्द, मग शहरात एका ठिकाणी, तिथून दुसऱ्या. प्रत्येक दारात नातेवाईक पहिल्यापासून सगळं सांगणार, अर्धं विसरणार, अर्धं चुकीचं सांगणार. तू म्हणायचीस, "माणूस नाही, पार्सल पाठवून राहिलो आपण. अन् पार्सलवर निदान पत्ता तरी असते." म्हणून तू त्या चिठ्ठीला आमचं पत्रक जोडायला लागलीस. मागच्या कोऱ्या बाजूवर तुझ्या गोल अक्षरात पेशंटची सगळी हकीकत. रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात तू ‘गुलाबी परचीवाली दीदी’ झालीस. एकदा एका नव्या डॉक्टरने कागद उलटाच धरला आणि मोठ्याने वाचायला लागला, "मज़दूर साथियो, मालिक की चाल समझो!" आणि पेशंटच्या पोराला विचारलं, "वो सब ठीक है, पर इनको हुआ क्या है?" ही गोष्ट तू किमान वीस वेळा सांगितली असशील. बाबा प्रत्येक वेळी रुसायचे.

मग स्क्रीन आली. डॉक्टरच्या टेबलावर बसवली. टेबलामागची डॉक्टरची खुर्ची मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. आधीचा डॉक्टर बदलून गेला होता, नवा येणार होता, येणार होता आणि येतच नव्हता. आता त्या खुर्चीसमोर एक कॅमेरा आणि त्यात रायपूरच्या डॉक्टरचा चेहरा. माझं रक्त उकळलं. मी तुला म्हणाले होते, "मावशी, ये डॉक्टर नहीं है, डॉक्टर की फोटो है. सरकार ने कुर्सी का किराया बचा लिया."

तू चहा गाळत होतीस. "खुर्ची रिकामी आहे, हे मलेही दिसते. रोज पुसतो मी ते. पण ते भरेपर्यंत पेशंटले काय सांगू? बसून राय?"

तुझी बाजू तू कधी भाषणात मांडली नाहीस. घडलेलं सांगायचीस. छातीत धडधडतंय म्हणून घाबरून आलेला मास्तर; पूर्वी तो रायपूरला गेला असता, दिवसभर बाकावर बसला असता. स्क्रीनवरच्या डॉक्टरने त्याचा ईसीजी पाहिला, चार प्रश्न विचारले, तो दुपारी घरी जाऊन जेवला. आणि अडलेली ती बाळंतीण, जिला कुठे न्यायचं हे गाडी हलायच्या आधी ठरलं होतं, जिच्यासाठी तिकडे टेबल तयार होतं. मधली दोन दारं गाळली गेली. "कोणाले हलवाचं नाही, अन् हलवाचं तं कुठं, हे दोन गोष्टी कळतात मले आता," तू म्हणायचीस. "आधी मी एकलीच होती. आता कोणाले तरी विचारता येते."

मला हे पटत नव्हतं असं नाही. पटवून घ्यायचं नव्हतं. आणि अजूनही सांगते मावशी, मी पूर्ण चूक नव्हते. ज्या दिवशी स्क्रीन आली त्या दिवसापासून त्या रिकाम्या जागेबद्दल वर कुणी एक पत्र लिहिलं नाही. सोय झाली की माणसं मागणं सोडतात, आणि देणारे हेच बघत बसलेले असतात. या वाक्यावरून मी आजही हटत नाही.

पण सुकवाराचं मी खोटं लिहिलं.

मनहरण हा कामगार बाबांच्या मिलमध्ये ठेक्यावर आहे. त्याची बायको सुकवारा गावाकडे वारली, रस्त्यात, तुझ्याकडून निघालेल्या गाडीत. गेटवर तो बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, एवढंच मी पाहिलं. साप चावला होता, स्क्रीनवरच्या डॉक्टरला कळलं नाही, एवढंच ऐकलं. त्याच दिवशी बसून मी पत्रक लिहिलं. एका बैठकीत, एकही खाडाखोड नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. केंद्र तुझं होतं, हे मला माहीत होतं. म्हणून चौथ्या परिच्छेदात ती ओळ घातली. तुला जपण्यासाठी. आणि कच्चा छाप घेऊन, शाबासकी मिळेल म्हणून, तुझ्याकडेच आले.

तू ओट्याजवळ उभ्यानेच वाचलंस. चष्मा कपाळावर सरकवलास.

"हे ओळ काढ."

"कौन सी?"

"नर्सची."

"क्यों? सच तो है."

"तू होती का तिथं?"

मग तू सांगितलंस. तुझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब गोष्ट तू सगळ्यात कमी शब्दांत सांगितलीस. सकाळची वेळ. सुकवारा जमिनीवर झोपली होती, पहाटे पोट दुखायला लागलं, घसा आवळल्यासारखा झाला. मनहरण इथे उरल्यात कामावर, म्हणून तिला त्याचा थोरला भाऊ घेऊन आला. तिकडे त्याला कुरा ससुर म्हणतात, आपल्याकडे भासरे. त्याच्यासमोर धाकटी सून तोंड उघडं करत नाही, तो तिला हात लावत नाही. तो बाकामागे उभा, आणि ती कॅमेऱ्यासमोर हनुवटीपर्यंत पदर ओढून बसलेली. स्क्रीनवरच्या डॉक्टरने म्हटलं, "चेहरा दिखाइए." तू तिच्याकडे पाहिलंस. तिने पदर आणखी घट्ट धरला. तुला आजी आठवली. पुलगावच्या स्वयंपाकघरात आपल्या भासऱ्यांना वाढताना अशीच हनुवटीपर्यंत पदर ओढून वाकायची ती. आणि तू कॅमेऱ्याकडे बघून म्हणालीस, "सर, शरमा रही है. घबराहट है. बाकी ठीक है."

हातापायांवर चाव्याची खूण तू शोधलीस, सापडली नाही. मण्यारीची बऱ्याचदा सापडत नाही. नाडी, रक्तदाब, सगळं तू बरोबर सांगितलंस. डॉक्टरने पोटाचं औषध द्यायला आणि लक्ष ठेवायला सांगितलं. अर्ध्या तासाने तिची जीभ जड झाली, तेव्हा तू पदर उचललास. पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. मण्यारीचं विष आधी पापण्या पाडतं, मग श्वास. विषावरचं औषध तुझ्या फ्रिजमध्येच होतं. ते तू लगेच लावलंस, गाडीत तोंडावर मास्क धरून, फुगा दाबून श्वास देत स्वतः गेलीस. रस्त्यातलं अभनपूर यायच्या आत ती गेली.

"डॉक्टरनं विचारलं होतं," तू म्हणालीस. "कॅमेरा चांगला होता. नेट चालू होतं. मी नाही दाखवलं. भासरे माणूस होता म्हणून नाही, मी बाई होती म्हणून चुकली. मले तो पदर समजला, म्हणून मी तो उचलला नाही."

मी गप्प बसायला हवं होतं. मी वाद घातला. मी म्हणाले, नर्सवर बोट आलं तर ते डॉक्टर देणारच नाहीत, तुला सस्पेंड करून मोकळे होतील. म्हणाले, पत्रकात एकच शत्रू असावा लागतो, बाबांनी शिकवलंय.

"अन् आजाराले एकच कारण असते का?"

"मावशी, तुम्हारी नौकरी जाएगी."

"जाऊ दे. वर मी लिहून दिलं आहे, त्यायनं फाइलीत टाकलं. स्क्रीनवरच्या डॉक्टरले त्याच दिवशी सांगितलं. तो म्हणे, मीही हट्ट नाही धरला. आमी दोघं समजलो. तू काहून समजत नाही?"

"क्योंकि मैं तुमको बचा रही हूँ!"

तेव्हा तू चष्मा खाली ओढलास आणि माझ्याकडे नीट बघितलंस. "तू मले वाचवून राहिली, अन् तिले दुसऱ्यांदा झाकून राहिली."

मी पत्रक तसंच छापलं. पाळी सुटताना गेटवर वाटलं, मनहरणच्या गावापर्यंत पोचवलं. ते चाललं, मावशी. माझं कुठलंच पत्रक इतकं चाललं नव्हतं. लोकांनी वाचून दाखवलं, घडी घालून खिशात ठेवलं. आणि मग एक दिवस तुझ्या केंद्रासमोरून एक पिकअप न थांबता गेली. आत साप चावलेला माणूस होता. ‘वहाँ टीवी पर इलाज करते हैं, आदमी मर जाता है,’ असं घरच्यांनी ऐकलं होतं. तो मशीनवर राहून कसाबसा वाचला. ज्या औषधाची त्याला गरज होती, ते तुझ्या फ्रिजमध्ये होतं, त्याच्या रस्त्यापासून वीस पावलांवर. तू मला फोन केलास. रागावली नाहीस. "तुह्या कागदाची एक गाडी गेली आज समोरून," म्हणालीस आणि ठेवून दिलास.

मी त्यावरही पत्रक काढलं नाही.

तू मात्र काम बदललंस. हे मी हेमिनकडून ऐकलं, तू गेल्यावर. खोलीत दोरी बांधलीस, तिच्यावर एक जाड निळी चादर. बाई पेशंट आली की तू आधी सगळ्या पुरुषांना बाहेर काढायचीस, सासऱ्यांना, भासऱ्यांना, नवऱ्यालाही. मग चादर ओढायची. मग तू स्वतः तिच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या चौकटीत बसायचीस आणि म्हणायचीस, "डॉक्टर साहब को पहले मेरा मुँह दिखेगा, फिर तुम्हारा." तू तुझा चष्मा काढायचीस, ती पदर काढायची. पलीकडचा डॉक्टरही आता चेहरा दिसल्याशिवाय दुसरा प्रश्न विचारत नाही, असं हेमिन म्हणाली. आणि गाडी निघायच्या आधी सोबत जाणाऱ्या नातेवाइकाकडून सगळं वदवून घ्यायचं. कुठे जायचं, कुणाला भेटायचं, काय दिलंय. तो चुकला की गाडीवाल्याला थांबवायचं, पुन्हा वदवायचं. हेमिन हसत हसत रडत होती. "दीदी परीक्षा लेती थी. एक डोकरा तो बोला, इतना तो मैं स्कूल में नहीं पढ़ा."

त्याच चादरीमागे तुलाही निजवलं. दुपारी लसी मोजता मोजता तू खाली बसलीस. हेमिनने शिपायाला बाहेर काढलं, चादर ओढली, तुझे हुक काढून ईसीजीच्या पट्ट्या लावल्या आणि स्क्रीन लावली. पत्रकांचा गठ्ठा तुझ्याच खणात होता. तिने वरचं एक ओढलं आणि मागे लिहायला लागली. कोणतं पत्रक, हे तिने पाहिलंही नाही. पुढची बाजू वाचायची तिला कधी गरजच पडली नव्हती.

तुझी गाडी कुठे थांबली नाही. त्यामुळे मला तुझे तीन दिवस मिळाले. जिला मी केंद्रातून हटवायला निघाले होते, त्या स्क्रीनने ते मला दिले. हे मी कुणाच्या दबावाने लिहीत नाही, हिशेब म्हणूनही नाही. झालं तसं लिहितेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायची वेळ होती. तुझा आवाज बारीक झाला होता, पण जीभ तीच. "हेमिननं कॅमेऱ्यासमोर हुक काढले माहे," म्हणालीस. "शरम त्या चादरीमागं राहिली, जीव इकडं आला. बरा सौदा झाला." मी हसले. मग तू विचारलंस, "दुरुस्त केलं का?"

काय, हे विचारायची गरज नव्हती. मी म्हणाले, "पहले तुम ठीक हो जाओ, मावशी."

"मी विचारलं काय, तू सांगून राहिली काय."

नर्सने वेळ संपली म्हणून सांगितलं. मी तुझ्या पायावरची चादर सारखी केली आणि बाहेर आले. उद्या सांगू, असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी तू डोळे उघडले नाहीस. एका शब्दाचं उत्तर होतं, तेही मला तुझ्या भाषेत देता आलं नाही.

तेरावं झाल्यावर मी कागद घेऊन बसले. बाबांनी पाहिलं. "आता कशाला?" ते म्हणाले. "मंदा गेली. लोक तिला देवासारखी मानतात. तिची चूक आता आपण छापायची?"

"उन्होंने ही कहा था."

"पत्रकात एकच शत्रू..."

"दुश्मन एक ही है, बाबा. उसने डॉक्टर नहीं दिया. पर गलती दूसरे की भी थी, और तीसरी मेरी है."

बाबांनी जुनं पत्रक उचलून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "आधी मनहरणला विचार. ज्याची बाई गेली, त्याला वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही." एवढी वर्षं त्यांच्यासोबत काम करतेय, हा नियम त्यांनी मला पहिल्यांदा सांगितला. किंवा पहिल्यांदा मी ऐकला.

काल दुपारची पाळी सुटताना मी उरल्याच्या गेटवर उभी राहिले. ट्रकांची रांग, लोखंडाची धूळ, तोंडाला गमछे बांधून बाहेर पडणारी माणसं. मनहरणला बाजूला, टपरीमागे नेलं आणि नवा मजकूर वाचायला लागले. ‘नर्स ने चेहरा नहीं दिखाया’ इथवर आले आणि थांबले. वाटलं, आता हा ओरडेल, किंवा रडेल, किंवा माझ्या हातातला कागद फाडेल. तुझ्याबद्दल काही वाईट बोलेल आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल.

तो म्हणाला, "हव, मोला मालूम हे."

त्याला माहीत होतं? कसं?

"दीदी हमर घर आय रिहिस," तो म्हणाला. तू त्यांच्या घरी गेली होतीस. सुकवाराच्या दशकर्मानंतर लगेच, माझं पत्रक छापलं जाण्याच्याही आधी. ओसरीवर बसून त्याला, त्याच्या आईला, त्याच्या भावाला सगळं सांगितलंस. पदराचं, अर्ध्या तासाचं, फ्रिजचं. भाऊ उठून गोठ्यात गेला आणि दिवसभर बाहेर आला नाही. पण आता वस्तीतल्या कुठल्याही बाईला केंद्रावर नेलं की तो सोबत जातो आणि दारात उभा राहून सगळ्या पुरुषांना हाकलतो. मनहरणने भावाची नक्कल करून दाखवली, हात पसरून, गाई वळवल्यासारखी. "चलव, बाहिर चलव! नोनी ला देखन दव!" चला बाहेर, पोरीला बघू द्या.

मग त्याने गमछ्याने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून, जराही आवाज न चढवता विचारलं, "फेर दीदी, तुमन लबारी काबर लिखेव?"

तुम्ही खोटं का लिहिलं? ज्यांना सांगायचं होतं त्या सगळ्यांना तुझं सांगून झालं होतं. वरच्या साहेबांना, डॉक्टरला, मनहरणला, त्याच्या आईला. ज्याला ते सगळ्यात जड जाणार होतं त्या भासऱ्यालाही. सत्य सगळ्यांपर्यंत पोचलं होतं. ते फक्त माझ्या पत्रकात नव्हतं. आणि दूरच्या, तुला न ओळखणाऱ्या गावांपर्यंत पत्रकच गेलं होतं.

"सुकवाराचं नाव लिहू का?" मी विचारलं. या वेळी हिंदीत नाही, त्याच्या बोलीतही नाही. माझ्या तोंडून मराठीच आलं. त्याला समजलं. "लिखव," तो म्हणाला. "नाव लिखव."

तर ऐक, मावशी. नवं पत्रक लिहून झालं आहे. त्याला तीन दिवस लागले आणि खाडाखोड इतकी आहे की छापखान्यातला माणूस वैतागला. डॉक्टरची जागा भरा, हे पहिल्याच ओळीत आहे, पूर्वीपेक्षा मोठ्या अक्षरात. ती मागणी मी तुझ्यासाठीही खाली आणलेली नाही. स्क्रीन काढा, हे काढलं आहे. स्क्रीन राहू द्या. ती डॉक्टरची जागा भरत नाही, डॉक्टरपर्यंतचा रस्ता लहान करते, असं लिहिलं आहे. प्रत्येक केंद्रात दोरी आणि चादर हवी, बाईसोबत बाई हवी, चेहरा दिसल्याशिवाय सल्ला नको, पेशंटसोबत लिहिलेला कागद गेलाच पाहिजे, हेही आहे. ज्यांनी माझं जुनं पत्रक वाचून केंद्र टाळलं, त्यांना मी चुकीचं सांगितलं होतं, हे माझ्या नावाने लिहिलं आहे. चौथ्या परिच्छेदात सुकवारा आहे, तुझं नाव आहे आणि तू जे सांगितलंस ते तुझ्याच शब्दांत आहे. ती ओळ नाही.

यावरून ते तुझ्यावर सगळं ढकलायचा प्रयत्न करतील, हे मला माहीत आहे. त्यासाठी मी सोमवारी निवेदन द्यायला स्वतः जातेय, बाबा सोबत आहेत, मनहरणने पाळी बदलून घेतली आहे, आणि त्याचा भाऊ गावातून येतोय. खुर्चीवरचं प्लास्टिक निघेपर्यंत आम्ही दर सोमवारी जाऊ.

छापखान्यात विचारलं, मागे काय छापायचं? पुढे न मावलेला पुष्कळ मजकूर राहिला होता. मी म्हटलं, काही नाही. कागद कुठला? गुलाबी. पहिला गठ्ठा मी उद्या हेमिनकडे नेऊन देणार आहे, सेफ्टी पिनांच्या डबीसोबत.

तू विचारलं होतंस ना?

हो, मावशी. दुरुस्त केलं.